जुन्या टेनर सॅक्सोफोनची निवड: निपाणीच्या एका वादकाचे प्रकरण

निपाणी-चिकोडी भागातील वरातींत आणि गणेशोत्सवातील वाद्यवृंदांत काही वर्षे आल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका तरुणाने टेनर, म्हणजे आल्टोपेक्षा मोठा आणि खालच्या पट्टीचा सॅक्सोफोन, घ्यायचे ठरवले, आणि तो जुनाच हवा असेही ठरवले. शोधाशोध केल्यावर त्याच्यासमोर चार वाद्ये आली. बेळगावच्या कॅम्प भागातील एका जुन्या बँडवाल्या घराण्याकडे चांदीच्या मुलाम्याचे एक वाद्य होते. हुबळीहून एक स्वस्त अमेरिकी वाद्य आले. कोल्हापूरच्या एका वादकाने सेल्मर कंपनीचा आपला मार्क सिक्स टेनर विकायला काढला होता आणि चोर्ला घाटापलीकडून, गोव्यातून, कॉन कंपनीचा एक १०एम टेनर मिळत होता. ही चारही वाद्ये तपासून मत देण्याचे काम माझ्याकडे आले. या तपासणीची सविस्तर नोंद करण्याचे कारण असे, की सीमाभागात सॅक्सोफोन वाजवणारे पुष्कळ असले तरी जुने वाद्य पारखण्याची रीत बहुतेक वेळा चकाकी, कंपनीचे नाव आणि विक्रेत्याची ओळख यांवरच थांबते. वाद्यातले कोणते दोष पुढे दुरुस्त होतील आणि कोणते कधीच होणार नाहीत, हा खरा प्रश्न विचारलाच जात नाही.

गरज कोणती होती

कर्नाटकात सॅक्सोफोन म्हटले की पहिले नाव येते ते कद्री गोपालनाथ यांचे. दक्षिण कन्नड भागातून पुढे आलेल्या या कलावंताने हे पाश्चात्त्य वाद्य कर्नाटक संगीताच्या मुख्य मैफलीत नेऊन बसवले आणि २०१९ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते या वाद्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे नाव राहिले. त्यांचे वाद्य आल्टो होते आणि आपल्या तरुणाचाही हात आल्टोवरच बसला होता. मात्र अलीकडे त्याला वरातीपेक्षा भावगीतांच्या आणि अभंगांच्या कार्यक्रमांत साथीला बोलावणे अधिक येऊ लागले होते, आणि तेथे पुरुष गायकाच्या आवाजाखाली भरणा देण्यासाठी आल्टोचा टोकदार, उंच आवाज अनेकदा उपरा वाटत असे. टेनरची पट्टी पुरुषाच्या गळ्याशी जुळते. गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर टेनर मंद्र पंचमापासून अतितार रिषभापर्यंत जातो, म्हणजे गायकाचा सगळा वावर त्याच्या आवाक्यात येऊन वर मोकळी जागाही उरते.

येथे एक तांत्रिक बाब सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा निवाडा तिच्याशी जोडलेला आहे. टेनर हे काळी पाचचे वाद्य आहे. वादकाने पांढरी एकची बोटे ठेवली की ऐकू येते ती काळी पाच. म्हणून गायक काळी एकमध्ये गात असेल तर वादकाला काळी दोनची बोटे धरावी लागतात, आणि गायिकेने पांढरी चार धरली तर पांढरी पाचची. ही सवय काही महिन्यांत अंगवळणी पडते. पण वाद्य स्वतःच मूळ सुरापासून ढळलेले असेल, तर कितीही सवय केली तरी पेटीशी ते जुळत नाही. साथीच्या वादकासाठी वाद्याची पहिली अट पेटीशी जुळणे हीच असते. आवाजाचा रंग, नाव आणि देखणेपण हे सगळे त्यानंतर येते.

नवे वाद्य का नको, हा प्रश्न त्याच्या घरच्यांनी विचारला आणि तो रास्त होता. चांगल्या कंपनीचा नवा टेनर त्याच्या ऐपतीबाहेर होता. जो नवा टेनर ऐपतीत बसत होता त्याच्या चाव्यांचा धातू इतका मऊ होता, की वरातीच्या एका हंगामात चाव्या वाकून पॅड, म्हणजे छिद्रे झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या, गळू लागण्याची शक्यता दिसत होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये तयार झालेली बरीच वाद्ये आजही उभी आहेत, याचे कारण त्यांचे सांगाडे, खांब आणि दांड्या भक्कम आहेत हे आहे. पितळ जुने झाल्याने आवाज गोड होतो, असे अनेक वादक सांगतात. ते मला पटत नाही. सॅक्सोफोनचा आवाज प्रामुख्याने नळीच्या आतल्या आकारावर, म्हणजे ती किती वेगाने रुंदावत जाते, छिद्रे कोठे आणि केवढी आहेत यावर आणि माऊथपीसच्या, म्हणजे तोंडात धरण्याच्या भागाच्या, पोकळीवर ठरतो. जुन्या वाद्याची किंमत त्या आकारासाठी मोजायची असते, वयासाठी नव्हे.

लगेच बाद झालेली वाद्ये

हुबळीचे वाद्य प्रत्यक्षात टेनर नव्हतेच. १९२०च्या दशकात अमेरिकेत सी मेलडी नावाचा एक सॅक्सोफोन फार मोठ्या प्रमाणावर विकला गेला. तो पियानोच्या पट्टीतच वाजतो, त्यामुळे घरच्या घरी पियानोसमोर बसून गाण्याच्या वहीतून थेट वाजवता येत असे. आकाराने तो आल्टो आणि टेनर यांच्या मधला आहे, आणि शेजारी खरा टेनर ठेवलेला नसेल तर अनोळखी नजरेला टेनरच वाटतो. अनुक्रमांकाजवळ रोमन लिपीतील ‘सी’ हे अक्षर ठोकलेले असणे ही त्याची नेमकी खूण, आणि ती येथे स्पष्ट दिसत होती. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्याकडेही ते वाद्य टेनर म्हणूनच आले होते. सी मेलडी हे वाईट वाद्य नाही. पण त्याचे योग्य माऊथपीस आता सहज मिळत नाही, आणि ज्या भरीव आवाजासाठी हा सगळा शोध चालला होता तो त्यात नव्हता.

कॅम्पमधले चांदीचे वाद्य मात्र चटकन बाजूला ठेवण्यासारखे नव्हते, आणि त्याने सर्वांनाच मोह घातला. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आणि त्याआधीपासूनची लष्करी छावणी असल्यामुळे येथे पितळी वाद्यांची ये-जा फार जुनी आहे, आणि छावणीतून बाहेर पडलेली वाद्ये नंतर गावातल्या बँडवाल्यांच्या घरी आली, हे अनेक घरांत आजही सांगितले जाते. या वाद्याच्या बेलवर, म्हणजे खालच्या रुंद तोंडावर, लंडनच्या एका विक्रेत्याचे नाव कोरलेले होते. मुलामा काळवंडला असला तरी जवळजवळ अखंड होता, एकही मोठा पोचा नव्हता, आणि नवे पॅड घातले असते तर ते पुढच्याच आठवड्यात वाजले असते. घराण्याने सांगितलेली किंमतही सौम्य होती. पण अनुक्रमांकाखाली ‘हाय पिच’ असा ठसा होता, आणि तेथेच विषय संपत होता.

आज आपण ज्या सुराला प्रमाण मानतो, म्हणजे पांढरी सहा ४४० हर्ट्‌झ, तो आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३९ साली ठरला, जरी अमेरिकेतील वाद्यनिर्माते त्याआधीच त्याकडे वळले होते. ब्रिटिश लष्कराच्या बँडमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ४५२ हर्ट्‌झच्या आसपासचा चढा सूर चालत असे. अमेरिकेतली चढ्या सुराची वाद्ये तर ४५७पर्यंत जात. याचा अर्थ असा, की हे वाद्य पेटीपेक्षा साधारण अर्ध्या सेमीटोनने वर बोलते. ‘माऊथपीस थोडे बाहेर ओढले की झाले,’ असे तरुणाचे मास्तर म्हणाले, आणि बँडमधल्या कोणीही तेच म्हटले असते. परंतु सॅक्सोफोनची नळी निमुळती असते आणि प्रत्येक सुरासाठी तिचा वेगळा भाग बोलतो. टेनरवर सर्व बोटे दाबून वाजणारा सर्वांत खालचा सूर जेवढी लांबी वापरतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी लांबी सर्व बोटे उचलून वाजणारा सूर वापरतो. त्यामुळे माऊथपीस दोन सेंटिमीटर बाहेर ओढले, तर वरचा सूर खालच्या सुराच्या दुपटीहून अधिक उतरतो. एक सूर जुळवावा तर दुसरा बिघडतो. छिद्रांच्या जागा चढ्या सुरासाठी कापलेल्या असतात आणि त्या हलवता येत नाहीत. कोणत्याही कारागिराकडे याला उपाय नाही.

हे मास्तरांना पटवण्यासाठी आम्ही त्याच वाद्यावर माऊथपीस बाहेर ओढून, जे पॅड चालू होते त्यांच्या मदतीने मोजके सूर काढले आणि सूर मोजणाऱ्या ट्यूनरसमोर ठेवले. काटा खालच्या सुरावर जवळपास बरोबर आला, आणि पाच सूर वर गेल्यावर तो उलट्या बाजूला झुकला. त्यानंतर चर्चा झाली नाही. घराण्यातील वडीलधाऱ्यांना मी एवढेच सांगितले, की हे वाद्य विकू नका, कारण त्याची खरी किंमत त्याच्या इतिहासात आहे आणि ती वाजवणाऱ्याकडून मिळणार नाही.

मार्क सिक्स

खरी निवड उरली ती सेल्मर आणि कॉन यांच्यात, आणि सुरुवातीला सगळ्यांचा कल सेल्मरकडे होता. मार्क सिक्स हे मॉडेल पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९५४ साली आणले आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनवले. आज बनणाऱ्या बहुतेक सॅक्सोफोनच्या चाव्यांची मांडणी त्याच्याकडूनच आलेली आहे. सेल्मरने १९३६च्या बॅलन्स्ड ॲक्शन मॉडेलमध्ये बेलवरच्या चाव्या उजव्या बाजूला नेल्या आणि डाव्या करंगळीचे काम हलके केले; मार्क सिक्स ही त्याच वाटेवरची परिपक्व पायरी आहे. सॉनी रोलिन्स यांच्यासारखे जॅझ वादक त्यावर अनेक दशके वाजवत राहिले. म्हणून या मॉडेलची मागणी कधीच कमी होत नाही आणि किंमतही.

कोल्हापूरचे वाद्य अस्सल मार्क सिक्स होते याबद्दल शंका नव्हती. अनुक्रमांक सहा आकडी होता, म्हणजे ते १९६०च्या दशकातले किंवा त्यानंतरचे. पाच आकडी अनुक्रमांकाचे तेवढे चांगले आणि नंतरचे कमी प्रतीचे, असा एक समज वादकांमध्ये आहे. तो मला फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण एकाच वर्षाची दोन वाद्ये एकमेकांपासून जेवढी वेगळी निघतात तेवढा फरक अनेकदा दोन दशकांमध्येही नसतो.

या वाद्यावर लॅकरचा, म्हणजे पितळावरच्या संरक्षक रोगणाचा, चकचकीत थर होता, आणि तोच पहिला प्रश्न ठरला. कोरीवकामाच्या रेघांच्या कडा बोटाला लागत नव्हत्या. त्या गोल, जणू मेणात काढल्यासारख्या झाल्या होत्या. अनुक्रमांकाचे आकडेही उथळ झाले होते. याचा अर्थ कोणीतरी मूळचा लॅकर काढून, बफिंगच्या चाकावर घासून, नवा थर दिला होता. नवा लॅकर हा स्वतःहून दोष नाही, आणि त्यामुळे वाद्य ‘मरते’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. प्रश्न बफिंगचा असतो. चाकाखाली पितळाचा पातळ थर निघून जातो, छिद्रांच्या कडा असमान होतात, आणि मग पॅड नीट बसावेत म्हणून कारागीर त्या कडा कानसतो. येथे तेच झालेले दिसले. खालच्या तीन छिद्रांच्या भिंती शेजारच्या छिद्रांपेक्षा स्पष्टपणे ठेंगण्या होत्या.

दुसरी बाब नेकची, म्हणजे माऊथपीस ज्यावर बसते त्या वरच्या वाकड्या नळीची, होती. नेक मूळचा नव्हता. सांध्यावर पातळ पितळी कडे झाळून तो जाड केलेला होता, म्हणजे तो दुसऱ्या एखाद्या वाद्याचा आणून बसवला होता. टेनरमध्ये नेक हा नळीचा सर्वांत अरुंद भाग असतो आणि तेथल्या आकारातला किरकोळ फरकही वरच्या अष्टकाच्या सुरांवर दिसतो. वाजवून पाहिल्यावर मधल्या अष्टकातला रिषभ आणि गांधार चढे बोलत होते, आणि वादकाला ते ओठाने खाली ओढावे लागत होते. वाद्याचा हात मात्र अप्रतिम होता. चाव्या बोटांखाली आपोआप येत होत्या, आणि आवाजाला एक घट्ट गाभा होता जो दूरपर्यंत पोहोचत होता. वरातीसाठी ते वाद्य उत्तम होते, हे मी लेखी मतातही नोंदवले.

१०एम

कॉन कंपनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील एल्खार्ट या गावची. तिचा १०एम हा टेनर १९३०च्या दशकाच्या मध्यापासून बनू लागला, आणि बेलवर कोरलेल्या स्त्रीप्रतिमेमुळे तो वादकांमध्ये ओळखला जातो. जॅझ वादक डेक्स्टर गॉर्डन यांनी कारकिर्दीच्या पूर्वार्धात हेच वाद्य वाजवले आणि नंतर मार्क सिक्सकडे गेले. १०एमचे वैशिष्ट्य म्हणजे छिद्रांच्या बाहेरच्या बाजूला वळवलेल्या कडा. कॉनने त्या १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत दिल्या. नंतरच्या १०एममध्ये त्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत वाद्यनिर्मितीवर निर्बंध आले होते, त्यामुळे अनुक्रमांकावरून वर्ष काढताना त्या मधल्या वर्षांबाबत जपून राहावे लागते. गोव्यातल्या वाद्याला वळवलेल्या कडा होत्या आणि त्याचा अनुक्रमांक युद्धापूर्वीच्या काळातला होता.

हे वाद्य दिसायला दीनवाणे होते. लॅकरचा निम्म्याहून अधिक भाग गेलेला, उघड्या पितळावर हाताच्या घामाने तपकिरी छटा आलेल्या, खालच्या वळणावर मुठीएवढा पोचा, आणि जी-शार्पच्या चावीला स्प्रिंगऐवजी रबरबँड. समुद्राच्या खाऱ्या हवेने स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी सुया गंजवल्या होत्या, आणि कोणीतरी दोन ठिकाणी शिवणकामाच्या सुया ठोकून वेळ भागवली होती. बेलजवळ काही तांबूस ठिपके होते. पितळातले जस्त निघून गेले की मागे तांबे उरते आणि अशी लाली दिसते. ती नळीच्या आत खोल गेलेली असेल तर धातू ठिसूळ होतो. दिव्याची बारीक पट्टी आत सोडून पाहिल्यावर हे ठिपके वरवरचे निघाले.

मग मी ते तपासले ज्यासाठी प्रत्येक जुना टेनर आधी हातात घ्यावा. नळी सरळ आहे का, हे दांड्यांवरून कळते: नळी वाकलेली असेल तर लांब दांड्या अडखळतात, आणि येथे त्या एका बोटाच्या धक्क्याने मोकळ्या फिरत होत्या. वळवलेल्या कडा कोठेही कानसलेल्या नव्हत्या. ही बाब महत्त्वाची आहे, कारण वळवलेली कड एकदा कानसली की ती वळण गमावते आणि परत करता येत नाही. अशा छिद्रात उंचसखलपणा आला तर तो आतून उचलूनच काढावा लागतो. एका छिद्राची कड किंचित खाली दबली होती, पण ती आतून उचलता येईल अशी होती. कोरीवकामाच्या रेघा अजून इतक्या धारदार होत्या की कापूस फिरवला तर तंतू अडकत होते, म्हणजे बफिंगचे चाक या वाद्याला कधी लागलेच नव्हते. वाद्यावर चढ्या सुराचा कसलाही ठसा नव्हता.

नेक मात्र खाली दबलेला होता. माऊथपीस घट्ट बसवताना वादक नेकवर वरून जोर देतात आणि वर्षानुवर्षांच्या त्या जोराने नेकची कमान सपाट होते, नळी गोल राहत नाही, आतल्या बाजूला सुरकुत्या दिसतात. हा दोष पाहून बरेच ग्राहक मागे फिरतात. पण नेक फाटलेला नसेल, तर आत निमुळता पोलादी ठोकळा घालून तो पुन्हा कमानीत आणता येतो. मार्क सिक्समध्ये दुसऱ्याचा नेक बसवलेला होता. येथे मूळचाच नेक होता, फक्त वाकलेला.

तुलना

दोन्ही वाद्ये एकाच दिवशी, एकाच माऊथपीसने, एकाच प्रकारच्या रीडवर (माऊथपीसवरची वेताची पट्टी) आणि काळी एकमध्ये लावलेल्या पेटीसमोर वाजवली गेली. कॉनवर तात्पुरते पॅड बसवून आणि गळणाऱ्या जागी पातळ पट्ट्या लावून तो वाजण्याजोगा केला होता. ऐकायला तरुणाचे मास्तर, एका भजनी मंडळाचे ज्येष्ठ गायक आणि पेटीवादक होते, आणि वादक दाराआड बसला होता.

मास्तरांनी न पाहता मार्क सिक्स उचलला. ‘हा मैदानात ऐकू येईल, तो नाही,’ असे ते म्हणाले, आणि त्यांचे निदान अचूक होते. भजनी गायकांनी मात्र दुसऱ्या वाद्याला कौल दिला. त्यांनी कारण दिले ते असे, की पहिले वाद्य त्यांच्या आवाजाच्या पुढे उभे राहते आणि दुसरे शेजारी बसते. पेटीवादकाने वेगळीच गोष्ट हेरली: कॉनवर पंचम आणि षड्ज धरले की पेटीच्या सुराशी कंप येत नव्हता, सेल्मरवर मधल्या गांधाराला येत होता. हा कंप नेकमुळे होता हे मला माहीत होते आणि नवा, योग्य नेक मिळवला तर तो कमी झाला असता. परंतु मूळ मार्क सिक्सचा नेक स्वतंत्रपणे विकत घेणे म्हणजे किंमतीत आणखी मोठी भर होती.

कॉनचा आवाज कसा होता, हे शब्दांत मांडणे कठीण असले तरी मांडले पाहिजे, कारण जुन्या वाद्याचे रसग्रहण न करता त्याची निवड करणे म्हणजे केवळ धातू तोलणे. खालच्या षड्जाखाली जाताना त्याचा सूर रुंदावत जात असे, पण फाटत नसे. फुंकर अगदी मंद केली तरी सूर तुटत नव्हता, फक्त त्याच्याभोवती श्वासाची एक मऊ किनार येत असे. मींड घेताना दोन सुरांमधला प्रवास सलग ऐकू येत होता, जो भावगीताच्या साथीला फार हवा असतो. उलट वेगाच्या तानांत तो जड होता. त्याच्या डाव्या करंगळीखालच्या चाव्या आजच्या वादकाला अवघड जातात. एका खालच्या सुरावरून दुसऱ्या खालच्या सुरावर सरकताना करंगळीला जोर लावावा लागतो, आणि बेलच्या चाव्या डाव्या बाजूला असल्यामुळे हात ठेवण्याची सवयही बदलावी लागते.

निर्णय

मत देताना मी तीन गोष्टी मांडल्या. कॉनमधले सगळे दोष दुरुस्त होणारे होते आणि त्याची नळी व छिद्रे अबाधित होती. मार्क सिक्समधले दोन दोष, म्हणजे कानसलेली छिद्रे आणि गेलेले पितळ, परत येणारे नव्हते, जरी त्यांच्यासह ते वाद्य अनेक वर्षे चांगले वाजले असते. आणि कॉनची किंमत व दुरुस्तीचा अंदाज मिळून मार्क सिक्सच्या मागणीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हता.

मास्तर या मताशी सहमत नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की पोराची भाकरी वरातीवर आहे, साथीवर नाही, आणि मार्क सिक्स पुढे विकला तरी त्याची किंमत उतरणार नाही. हा युक्तिवाद हलका नव्हता. सीमाभागातल्या वादकाला हंगामात एका रात्री निपाणीत, दुसऱ्या रात्री कागलात आणि तिसऱ्या रात्री गोकाकात वाजवावे लागते, आणि उघड्यावर आवाज पोहोचणे ही त्याची गरजच असते. मी त्यांना एवढेच सुचवले, की वरातीसाठी त्याच्याकडे आल्टो आहेच आणि तो उघड्यावर टेनरपेक्षा अधिक पोहोचतो. टेनर घ्यायचा तर आल्टो जे करू शकत नाही त्यासाठी घ्यावा. तरुणाने कॉन घेतला. मास्तरांनी निर्णय मान्य केला, मत बदलले नाही, आणि त्यांचे मत चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही.

दुरुस्ती

टेनरला लहानमोठे पंचवीसच्या आसपास पॅड असतात आणि ते सगळे बदलावे लागले. पॅड बसवण्यासाठी लाखच वापरली. ती स्पिरिटच्या दिव्यावर वितळवून पॅडच्या मागे ओतली की पॅड गरम असताना हलवून छिद्रावर अगदी समतल बसवता येतो, आणि पुढे ऋतूप्रमाणे चामडे फुगले तर पुन्हा गरम करून सरळ करता येतो. कॉनच्या मूळ पॅडना धातूची आतली कडी असे. तसे पॅड न मिळाल्यामुळे थोडे जाड, साधे चामड्याचे पॅड घेतले आणि चाव्यांचे कोन त्यानुसार जुळवले. हे काम सावकाश करावे लागते, कारण एकेका पॅडवर आतून दिवा टाकून प्रकाशाची बारीक रेघ उरली नाही याची खात्री होईपर्यंत पुढच्याला हात लावता येत नाही.

नेकसाठी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका टर्नरने लेथवर निमुळता पोलादी ठोकळा घडवून दिला. फाउंड्री आणि यंत्रकामासाठी बेळगाव ओळखले जाते, आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग मायक्रोनमध्ये करणाऱ्या माणसाला सॅक्सोफोनच्या नेकचे माप समजावून द्यायला फार वेळ लागला नाही. अशी सोय जवळच आहे, आणि आपल्या भागातल्या वादकांनी तिचा फायदा घ्यायला हवा. ठोकळा आत घालून, थोडेथोडे दाबत, नेकची कमान परत आणली. घाई केली असती तर सुरकुतीच्या जागी धातू तडकला असता. खालच्या वळणातला पोचा पोलादी गोळे आत फिरवून जवळजवळ पूर्ण निघाला. त्याची एक हलकी खूण मुद्दाम ठेवली, कारण ती काढताना कड ताणली गेली असती. गंजलेल्या सगळ्या सुया बदलून निळ्या पोलादाच्या बसवल्या. लॅकर पुन्हा दिला नाही, आणि तो देऊ नये यावर मी ठाम होतो.

माऊथपीसचा प्रश्न शेवटी सुटला, जरी तो आधी सोडवायला हवा असे अनेकांना वाटेल. आधुनिक, आतून अरुंद आणि उतार दिलेले माऊथपीस जुन्या कॉनवर लावले तर खालचे सूर घरघर करतात आणि वरचे चढतात, कारण त्या नळीला मोठ्या पोकळीची अपेक्षा असते. मोठ्या गोल पोकळीचे माऊथपीस लावल्यावर मधल्या अष्टकातली शेवटची ढिलाईही गेली.

पहिला पावसाळा

दुरुस्तीनंतरचा पहिला हंगाम आणि त्यामागचा पावसाळा पार पडला आहे. साथीच्या कार्यक्रमांत वाद्य पेटीशी जुळते, आणि भजनी मंडळाच्या त्या गायकांनी तरुणाला एकादशीच्या कार्यक्रमासाठी बोलावणे पाठवले. उन्हाळ्यातल्या रात्री मांडवात हवा तापली की सूर चढतो. सुरुवातीला दहा मिनिटे वाजवून वाद्य गरम करणे आणि मग पेटीशी लावणे ही सवय त्याने आता लावून घेतली आहे, नाहीतर पहिल्या गाण्यात जुळलेला सूर तिसऱ्या गाण्यात सुटतो.

करंगळीचा त्रास अजून आहे. जी-शार्पचे पॅड पावसाळ्यात दोनदा छिद्राला चिकटले. खानापूरच्या बाजूला, जंगलातल्या दमट हवेत, हे होणारच. प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर पॅडवरचा ओलावा पातळ कागदाने टिपून घेणे आणि वाद्याच्या खोक्यात ओलावा शोषणारी लहान पुडी ठेवणे, एवढे सध्या सांगितले आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की चामडे आक्रसेल आणि सगळे पॅड पुन्हा दिव्यावर तपासावे लागतील. त्याच वेळी डाव्या करंगळीच्या चावीचा कोन किंचित वर उचलून देण्याचा विचार आहे. त्यासाठी खांब हलवायचा नाही, फक्त चावीखालचा बुचाचा तुकडा पातळ करायचा, एवढ्यावर आमचे एकमत झाले आहे.